पुरुषांना चालणारं रेशीम

मशरू नावाचं एक कापड आहे. नाव अरबी, आणि अर्थ ‘शरियतला मान्य असलेलं’. म्हणजे चालेल असं. कापडांची नावं सहसा गावावरून पडतात. पैठणी, चंदेरी, महेश्वरी. नाहीतर नक्षीवरून. परवानगीवरून नाव पडलेलं हे एकच कापड मला माहीत आहे. ती परवानगी बाईसाठी नव्हती, कारण या बाबतीत तिला ती लागतच नव्हती. ती पुरुषासाठी होती.

हे कापड आमच्या शहरात विणलं जायचं. आजचं छत्रपती संभाजीनगर, त्याआधीचं औरंगाबाद, आणि त्याच्याही आधी मलिक अंबरनं १६१० मध्ये जिथं शहर उभारलं ती खडकी. मशरूच्या जोडीला इथलं दुसरं प्रसिद्ध कापड म्हणजे हिमरू. त्याची गोष्ट गाईड लोक नेहमी मुहम्मद तुघलकापासून सुरू करतात. १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आली आणि तिच्या मागोमाग विणकर आले, असं सांगतात. मला मात्र गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगायची आहे. हे कापड विणलं कोणी, यापेक्षा ते घातलं कोणी आणि घालणं थांबवलं का? कारण विणकर थकल्यामुळे बंद पडलेले माग कमी असतात. गिऱ्हाईक उठून गेल्यामुळे बंद पडलेले जास्त. आणि आमच्या शहरात उठून गेलेलं मोठं गिऱ्हाईक पुरुष होतं.

अजिंठ्यातले मोजे

शहरापासून शंभरेक किलोमीटरवर अजिंठा. तिथल्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी तुम्ही पाहिलाच असेल, निदान पाठ्यपुस्तकात. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे काम. हातात कमळ, डोक्यावर उंच मुकुट, गळ्यात हार, दंडात बाजूबंद, कमरेला पट्ट्यापट्ट्यांचं वस्त्र. आज एखादा मुलगा एवढं सगळं घालून कॉलेजला गेला तर काय होईल याची कल्पना करा. पण चित्रात कोणी हसत नाही. तिथं तो सगळ्यात करुणामय पुरुष आहे.

त्याच लेण्याच्या छतावर परदेशी पाहुण्यांची एक छोटी मैफल रंगवली आहे. हातात पेले, डोक्यावर टोप्या, अंगात लांब बाह्यांचे अंगरखे. आणि पायांत चक्क आडव्या पट्ट्यांचे मोजे! बहुतेक लोक मान वर करून दोन मिनिटांत पुढे जातात, त्यामुळे मोजे दिसत नाहीत. पुढच्या वेळी गेलात तर नक्की बघा. आपल्या भागात पुरुषांच्या अंगावरचा रंग, नक्षी आणि पट्टे किती जुने आहेत, याचा यापेक्षा सोपा पुरावा नाही.

ताणा आणि बाणा

आता मशरूकडे. इस्लामी परंपरेत पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य आहे, स्त्रियांना नाही. पण मऊ, चकचकीत, अंगावर सुळसुळणारं रेशीम कोणाला नको असतं? दरबारात जायचं तर भारी कापड हवं आणि नमाजाला उभं राहायचं तर नियम पाळायला हवा. ही अडचण सोडवली कापडाच्या रचनेनं.

मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा. त्यांतून आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा. मशरूत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. वीण अशी, की रेशमाचा प्रत्येक उभा धागा सुताच्या अनेक धाग्यांवरून जातो आणि मग एकाखालून डुबकी मारतो. परिणामी वरच्या बाजूला जवळजवळ सगळं रेशीमच दिसतं आणि सूत राहतं खाली, अंगाच्या बाजूला. बघणाऱ्याला रेशीम, घालणाऱ्याच्या कातडीला सूत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घाम शोषायला हेच बरं.

ही काही लपवाछपवी नव्हती. हनफी परंपरेतल्या धर्मशास्त्र्यांनी या प्रश्नाचा रीतसर विचार केला होता. त्यांचा युक्तिवाद मला फार आवडतो. कापड हे कापड होतं ते विणल्यामुळे, आणि विणणं पूर्ण होतं ते बाण्यानं. म्हणून बाणा कशाचा आहे ते पाहायचं. बाणा सुताचा असेल तर ताणा रेशमाचा असला तरी ते कापड पुरुषाला चालेल. कायदेपंडित मागाजवळ बसून धागे मोजतोय, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं.

मशरू फक्त आमच्याकडे होत नव्हतं. गुजरातेत पाटण आणि मांडवीला, दक्षिणेत हैदराबादकडे ते विणलं जायचं, आणि पश्चिम आशियापर्यंत जायचं. परवानगी एका धर्मातल्या पुरुषांसाठी निघाली, पण कापड सगळ्यांनी उचललं. कच्छकडच्या बायकांनी त्याचे घागरे केले.

हिमरूची गोष्ट थोडी वेगळी. हे नाव फारसीतल्या ‘हम-रू’वरून आलं असं सांगतात, म्हणजे ‘सारखा दिसणारा’. कोणासारखा? तर किनखापासारखा. किनखाप म्हणजे रेशमात सोन्या-चांदीची जर भरलेलं कापड, राजाच्या अंगावरचं. हिमरूत जमीन सुताची आणि तिच्यावर जादा बाण्यानं काढलेली रेशमी नक्षी. वेली, कुयऱ्या, डाळिंबं, फुलं. नक्षीत काम नसतं तेव्हा तो रेशमी धागा मागच्या बाजूला सैल पडून राहतो. त्यामुळे कापडाला आतून मऊ थर येतो.

ही नक्षी पूर्वी मागाच्या वर दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून ठेवलेली असे. एकानं ठरलेल्या क्रमानं दोऱ्या ओढायच्या, दुसऱ्यानं धोटा फेकायचा. नक्षी म्हणजे दोऱ्यांत साठवलेली स्मरणशक्तीच. पुढे जॅकार्ड आलं आणि दोऱ्यांची जागा भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी घेतली. सुरुवातीच्या संगणकांनी भोकांच्या कार्डांची कल्पना इथूनच उचलली. म्हणजे आपल्या हातातल्या फोनचा एक लांबचा पूर्वज मागावर बसलेला होता.

डाळिंबी, गुलाबी, केशरी

हे कापड कोणाच्या अंगावर असायचं? मुघल सरदारांच्या, मग निजामाच्या दरबारातल्या. औरंगाबाद ही आसफजाही राज्याची पहिली राजधानी. १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला गेली. माग मात्र इथंच राहिले, कारण गिऱ्हाईक दूर गेलं तरी तुटलं नव्हतं. जामे, अंगरखे आणि पुढे शेरवान्या यांसाठी हिमरू जातच होतं.

आणि हा फक्त मुसलमान उमरावांचा शौक होता असं समजू नका. गोदाकाठी पैठण आहे, शहरापासून तासाभराच्या अंतरावर. पैठणी म्हटलं की आज आपल्याला साडीच दिसते. पण १७६०च्या दशकातल्या पेशव्यांच्या पत्रांत पैठणच्या धोतरांची, पागोट्यांची आणि दुपट्ट्यांची मागणी आहे. माधवरावांनी डिसेंबर १७६८ मध्ये असावली दुपट्टे मागवले, आणि रंग कळवले लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी आणि गुलाबी. माधवराव तेव्हा २३ वर्षांचे होते. स्वाऱ्या करणारा, हिशेबात काटेकोर, शिस्तीचा कडक म्हणून ओळखला जाणारा हा तरुण दुपट्ट्याचे रंग पत्रात नावानिशी लिहून कळवत होता. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

दरबारात कपडे हा पगारासारखाच भाग होता. मान द्यायचा तर खिलत द्यायची, म्हणजे राजाकडून पोशाख. डोक्यापासून पायापर्यंतचा असेल तर ‘सर-ओ-पा’. आपला ‘शिरपाव’ हा शब्द त्यातूनच आला. आपण आज शिरपाव म्हणतो तेव्हा बक्षीस असा अर्थ घेतो. मूळचा अर्थ होता कपडे. पुरुषाला मिळालेले, आणि त्यानं मिरवायचे कपडे.

इथं एक गंमत लक्षात येते. ज्या रेशमावर एका घरात नमाजाच्या वेळी बंधन होतं, तेच रेशीम शेजारच्या घरात पूजेच्या वेळी सक्तीचं होतं. सोवळ्यात मुकटा किंवा कद नेसायचा. तो रेशमी, आणि पुरुषानंच नेसायचा. एकाच गल्लीत एकाला देवासमोर रेशीम चालत नाही आणि दुसऱ्याला रेशमाशिवाय चालत नाही. दोघांमध्ये सारखं काय? दोघांपैकी कोणीही ‘मला आवडलं म्हणून घातलं’ असं म्हणत नाही. दोघांकडे कारण आहे.

रंग डोक्यावर उरला

मग पुरुषांच्या अंगावरून रंग गेला कुठे? युरोपात अठराव्या शतकाच्या शेवटी पुरुषांनी झालरी, रेशीम, भडक रंग सोडले आणि काळा-करडा सूट चढवला. फ्लुगेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९३० मध्ये याला नाव दिलं, पुरुषांचा मोठा त्याग. सुंदर दिसण्यावरचा हक्क पुरुषानं सोडला आणि कामाचा, उपयोगी दिसण्याचा हक्क घेतला, असा त्याचा मुद्दा.

हा त्याग कचेरीच्या वाटेनं आपल्याकडेही आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले मराठी पुढाऱ्यांचे फोटो आणि चित्रं पाहा. अंगात साधा अंगरखा किंवा गडद कोट, खाली पांढरं धोतर. रंग उरला तो डोक्यावर, पगडीत. नंतर पगडी गेली, टोपी आली, मग टोपीही गेली. आज लग्नात फेटा बांधतो तेव्हा आपण चार तासांसाठी तो रंग परत मागून घेतो आणि जेवणं झाली की परत करतो.

औरंगाबादला हा बदल निजामाच्या राज्यातून, जरा उशिरा पोचला. १८८९ मध्ये इथं सूतकताई आणि कापडाची गिरणी उभी राहिली. साधारण ७०० माणसं तिथं कामाला होती. १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली. बाहेरचं स्वस्त कापड गाडीनं येऊ लागलं. हातमागाच्या वेळाचा आणि यंत्राच्या वेळाचा मेळ कुठेच बसत नव्हता. तरीही हिमरू टिकलं, कारण हैदराबाद संस्थानात शेरवानी हा मानाचा पोशाख होता.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झालं. मराठवाड्यासाठी तो मुक्तीचा दिवस, आणि तो तसाच आहे. पण इतिहासात एका दाराची उघडझाप दोन्ही बाजूंना ऐकू जाते. दरबार गेला, जहागीरदार गेले, त्यांच्या शेरवान्या पेटीत गेल्या. नव्या कचेरीत पँट-शर्ट आला. जफर गेट, नवाबपुऱ्याकडच्या विणकरांसमोर तेव्हा साधा प्रश्न होता. आता हे घालणार कोण?

बादशहाच्या टोप्या, निजामाचे मोजे

या गोष्टीत दोन सत्ताधारी असे आहेत ज्यांचं नाव कपड्यांशी वेगळ्याच कारणानं जोडलं जातं.

पहिला औरंगजेब. त्याच्याबद्दल तुमचं मत काहीही असो, त्याच्या नावानं सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रातला एक हिशेब विसरता येत नाही. स्वतः शिवलेल्या टोप्यांचे चार रुपये दोन आणे शिल्लक आहेत, ते कफनावर खर्च करावेत. कुराणाच्या नकला करून मिळालेले ३०५ रुपये फकिरांना वाटावेत. १७०७ मध्ये तो वारला आणि खुलताबादला साध्या कबरीत पुरला गेला.

दुसरे शेवटचे निजाम, मीर उस्मान अली खान. १९११ मध्ये ते गादीवर आले. १९३७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं त्यांना जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं. आणि त्यांच्याबद्दल हमखास लिहिली जाणारी गोष्ट म्हणजे ते जुनी शेरवानी, जुनाट टोपी वापरायचे आणि स्वतःचे मोजे स्वतः विणायचे!

दोन्ही गोष्टी लोक काटकसरीच्या किंवा कंजूषपणाच्या म्हणून सांगतात. मला त्यांत आणखी एक दिसतं. ज्यांच्यासाठी किनखाप विणलं जात होतं त्यांच्यातल्या या दोघांना मान हवा होता तो साधेपणाचा. झगमगाटाचा आश्रयदाताच झगमगाटाला लाजू लागला, की विणकराचे दिवस भरले.

गंजीफ्रॉक कसा चालला?

आता कोणी म्हणेल, पुरुषांना विणलेलं काही नकोच असतं. तसं नाही. मराठीत ‘विणणं’ हा शब्द मागाला आणि सुयांना दोन्हींना चालतो. मागावर दोन धागे एकमेकांना छेद देतात. सुयांवर एकच धागा स्वतःत अडकत जातो, टाक्याला टाका. म्हणून स्वेटर ताणला जातो आणि शर्ट ताणला जात नाही. आणि तुमच्या अंगातला टी-शर्ट नीट बघा. तो दुसऱ्या जातीचा आहे. तोही टाक्याटाक्यांनी विणलेलाच, फक्त यंत्रावर. असं विणण्याचं पहिलं यंत्र इंग्लंडच्या विल्यम लीनं १५८९ मध्ये केलं, तेही पायमोज्यांसाठी. आज आपले टी-शर्ट तिरुपूरला ढिगानं विणले जातात.

आपल्या आजोबांच्या तोंडचा शब्द ‘गंजीफ्रॉक’. हा आला गर्न्सी नावाच्या बेटावरून. इंग्लिश खाडीतल्या या बेटावरचे खलाशी सुयांवर घट्ट विणलेला लोकरीचा अंगरखा घालायचे, तो ‘गर्न्सी फ्रॉक’. शेजारचं बेट जर्सी. क्रिकेटच्या टीमची जर्सी तिथली. समुद्रावरचा वारा, ओले दोर, उपसायचे जाळे. तिथं ताणलं जाणारं, वारा अडवणारं विणकाम हवंच होतं. म्हणून ते पुरुषांनी बिनतक्रार घातलं आणि जगभर नेलं.

म्हणजे पुरुष कापडाला नाही म्हणत नाहीत. ते कारण मागतात. मशरूला धर्माचं कारण होतं, खिलतीला राजाचं, मुकट्याला देवाचं, गर्न्सीला समुद्राचं. कानटोपीला थंडीचं आहे. हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाले आले की त्यांच्याकडे पुरुषांची गर्दी असते. वाळूजच्या कंपनीतल्या निळ्या शर्टाला पाळीचं कारण आहे. बायकांच्या कपड्यांवरचा पहारा याहून कडक आहे, हे मी विसरत नाही. पण पहाऱ्याचा प्रकार निराळा आहे. बाईला अंग झाकायला सांगतात. पुरुषाला आवड झाकायला सांगतात. हिमरूचं कारण १९४८ नंतर संपलं आणि नुसती आवड उरली. ती उघड सांगायची कोणाची तयारी नव्हती.

किसके वास्ते होना?

गेल्या वर्षी मित्राच्या लग्नाआधी आम्ही जुन्या शहरात फिरत होतो. बाकीच्यांनी भाड्यानं शेरवान्या घेतल्या. चमकत्या, नक्षीदार, आणि आतल्या पट्टीवर लिहिलेलं, पॉलिएस्टर. मी जवळच्या हिमरूच्या दुकानात शिरलो. दुकानदार चाचांनी सवयीनं स्टोल आणि दुपट्टे पसरायला सुरुवात केली.

“किसके वास्ते होना भाई? अम्मी के? भाबी के?”

“माझ्याचसाठी, चाचा. जाकिटाचं कापड.”

ते थांबले. मग खालच्या फळीवरून एक ताग्याचा गुंडाळा काढला. गर्द हिरवी जमीन, त्यावर केशरी कुयरी. धूळ झटकत म्हणाले, “जेंट्स लोगां लेते नै. हमारे वालिद के जमाने में पूरा माल शेरवानी का था.”

शिंप्यानं कापड उलटून बघितलं आणि अस्तर लावावंच लागेल म्हणाला, कारण मागचे सैल धागे बटणात अडकतात. मग मापं घेताना विचारलं, “दुल्हा तुमीच का?” नाही म्हटल्यावर हसला. लग्नातही दिवसभर तेच. फोटो ग्रुपवर पडले आणि त्याखाली हसणारे चेहरे रांगेनं आले. वाईट कोणीच बोललं नाही. पण मला कळलं, शरियतचा पंडित, राजा आणि साहेब यांच्यानंतर परवानगी देणारं चौथं पीठ कोणतं ते. मित्रांचा ग्रुप.

आणि त्याच ग्रुपमधल्या तिघांनी आठवडाभरात मला खासगीत मेसेज करून विचारलं, “कापड कुठून घेतलं रे?”

म्हणून मला ही गोष्ट संपलेली वाटत नाही. हिमरू वाचवायचं म्हणून आपण सत्काराला हिमरूची शाल देतो. ती पुरुषाच्या खांद्यावर टाळ्या संपेपर्यंत राहते आणि नारळाबरोबर घरी जाऊन कपाटात पडते. पर्यटक एक स्टोल नेतो, तोही अनेकदा यंत्रमागावरची नक्कल. एवढ्यावर हातमाग चालत नाही. माग चालतो मीटरवर, आणि एका जाकिटाला दीड-दोन मीटर कापड लागतं. ज्या विणकराचा मुलगा आज माग शिकावा की कंपनीत लागावं हे ठरवतोय, त्याच्यासाठी प्रश्न इतकाच आहे की असे मीटर मागणारे किती जण आहेत.

मशरूच्या विणकरांनी पुरुषांसाठी धाग्यातून वाट काढली होती. रेशीम वर, सूत खाली. आता बहुतेकांना तशी वाट लागत नाही, कारण त्यांना अडवणारा नियमच नाही. कपाटात बाबांची किंवा आजोबांची सत्काराची हिमरू शाल असेल तर काढून बघा. उलटी करा, मागच्या सैल धाग्यांवरून हात फिरवा. हाताला ते मऊ लागेल. मग पुढच्या लग्नाला ती खांद्यावर घ्या. कोणी विचारलं तर सांगा, आवडली म्हणून घेतली.